मंडळीची ओळ

५ मार्च २०२५, बुधवार

पहाटेपासून तीच ओळ. 'दमले माझे पाय, देवा, दमला माझा सूर –' आणि थांबायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. चहा होईपर्यंत ऐकली, पेज शिजेपर्यंत ऐकली, कपडे वाळत घालायला मागच्या पडवीत गेले तर तिथेही ऐकू येत होती. पाय माझे दमलेत आणि गाणं सासूबाई म्हणतात!

गेल्या पावसात आई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून कॉट सोडलेली नाही. डोकं त्याच्या आधीच गेलं होतं. गाव विसरल्या, मुलगा विसरल्या, मला 'चिमा' म्हणतात – चिमा त्यांची धाकटी बहीण, कधीच वारली. एक ओळ तेवढी राहिली आहे. तीही अर्ध्या कडव्याची. पुढचं आठवत नसणार.

आज भस्म बुधवार. चर्चला गेले नाही. लेंट सुरू झाला, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, म्हणजे आता दर गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनेची सभा. मागच्या वर्षी एकही चुकवली नव्हती. ह्या वर्षी देवाने मला वगळावं.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांचा फोन. मस्कतला शुक्रवारी सुटी. व्हिडिओवर आईंना दाखवलं. "आई, मी शांतवन!" आई मोबाईलच्या मागे कोण आहे ते बघतात. मग ओळ. थांबल्या. पुन्हा ओळ. हे हसले – "आवाज अजून खणखणीत आहे हं आईचा!" मग मला म्हणाले, "तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त."

निर्धास्त! मलाही करा की कुणीतरी निर्धास्त. मी मिरजोळ्याला काजूच्या कंपनीत होते तेव्हा हाताला डाग पडायचे म्हणून कुरकुरत होते. आता त्या डागांची आठवण येते. चार बायकांत बसून डबा खायचो, ह्याची-त्याची टवाळी करायचो. ह्यांचा फोन सोडला तर आज दिवसभरात मी माणसाशी बोलले ते एवढंच – "आई, तोंड उघडा."

९ मार्च, रविवार

हमिदाभाभी आईंजवळ बसली म्हणून चर्चला जाता आलं. तिचे रोजे चालू आहेत, तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी म्हणाली, "तू जा गो, मी बसतंय. घरात बसून तरी काय, भूकच आठवत र्‍हाते." आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत. आईंची ओळ तिलाही पाठ झाली असेल.

चर्चमध्ये निम्मे बाक रिकामे. नवे पाळकसाहेब मराठवाड्यातले, तरुण, गिटार वाजवतात. "चला, टाळ्या वाजवून प्रभूची स्तुती करू या! मन जड असेल तर जास्त जोरात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओठ हलवले.

इथे कोण वाचणार आहे, लिहूनच टाकते. मी चर्चमध्ये गात नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच रविवारी आई – तेव्हा गायन त्याच धरायच्या, पहिल्या बाकाशी ताठ उभ्या राहून – माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नम्रता, तू नुसते ओठ हलव. सूर बिघडतो." खरंच बिघडत होता. राग नाही आला, लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ओठ. नाताळ आले नि गेले, लग्नं लागली, मर्तिकं झाली. मूल व्हावं म्हणून माझ्यासाठी सभा ठेवल्या, त्यांतही मी ओठच हलवले. मूल झालं नाही. देवाला माझा आवाजच ओळखीचा नसेल, तो तरी कुणाचं ऐकणार!

घरी आले तर दीपालीचा मेसेज. दीपाली माझी नणंद, वसईला असते, तिचं चर्च मोठं, ड्रम आहेत. "वहिनी, निराश वाटलं ना, की स्तुती करायची. मन नसलं तरी करायची. बघा, कसं हलकं हलकं वाटतं." सोबत व्हिडिओ. रंगीत दिवे, हात वर केलेली माणसं, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. मी मोबाईल तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि आईंचं डायपर बदलायला घेतलं.

१३ मार्च, गुरुवार

होळी. वाडीत सकाळपासून ढोल. आईंना ढोल ऐकून चेव आला, ओळ दुप्पट जोरात. पेज तोंडात असताना ओळ. पेज उशीवर, माझ्या अंगावर.

मी ताटली आपटली. "पुरे! पुरे झालं आता!" केवढ्याने ओरडले मी. आई दचकल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, डोळे असे मोठ्ठे. मग अगदी बारीक आवाजात – 'दमले माझे पाय, देवा...' आणि थांबून पुन्हा माझ्याकडे बघणं.

मागच्या पडवीत जाऊन रडले. ढोल होते ते बरं, कुणाला ऐकू गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

दीपालीचा फोन, मेसेज नव्हे. पनवेलजवळ एक घर आहे म्हणाली, म्हातार्‍या बायकांसाठी. स्वच्छ आहे. नर्स असते, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असते. "ईस्टरला मी येते. सोमवारी गाडी करून आईला घेऊन जाऊ. तुम्ही खूप केलंत, वहिनी. आता–"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

मला हवंय. खोटं कशाला लिहू? झोप हवी आहे. नोकरी हवी आहे. मुतर्‍या वासाशिवायचं घर हवंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्हा दोघींना योग्य वाटेल ते करा." हे बरं. पुरुषाने मस्कतला बसून एवढं म्हटलं की त्याचं झालं.

१७ मार्च, सोमवार

दुपारी झोप लागली! ईस्टरनंतर रोज अशी.

२१ मार्च, शुक्रवार

बँकेत जायचं होतं. हमिदाभाभी येऊन बसली. परत आले तर कॉटच्या कडेला बसून आईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"काय गो नम्रता, ही मागते काय?"

"काही नाही मागत. एकच ओळ येते त्यांना, तीच म्हणतात."

"नाय गो. म्हणते आणि थांबते. थांबली की माझ्या तोंडाकडे बघते. मी आपली मान हलवली, तर रागावली माझ्यावर! पोर खाऊ मागते नि आपण देत नाय, तसं तोंड करते."

मी म्हटलं, भाभी, तुम्ही उपाशी, तुम्हाला सगळीकडे खाऊच दिसणार. हसलो दोघी. ती गेल्यावर मी जरा लक्ष दिलं. खरंच बघतात. पण डोकं गेलेल्या माणसाच्या बघण्यात काय शोधायचं? भांडी पडली होती.

२७ मार्च, गुरुवार

आज सभा आमच्या घरी झाली. मी नको म्हटलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुमच्या सासूबाईंसाठीच येतोय. तुम्ही काही करू नका, चहासुद्धा नको." चहा नको म्हणतात आणि चटया घालायच्या, खुर्च्या मागून आणायच्या, आतली खोली फिनेलने पुसायची ते कुणी करायचं? हमिदाभाभीच्या घरातल्या खुर्च्या आणल्या.

दादूकाका आले. हात धरून आणावं लागलं. आईंच्या भजनात ढोलकी दादूकाकांची असायची. त्या मंडळातले तेच एकटे राहिलेत. बाकीचे गेले तरी, नाहीतर मुंबईला मुलांकडे तरी.

पाळकसाहेबांनी गिटारवर सुरुवात केली आणि आतल्या खोलीतून आईंनी आपली ओळ लावली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी दार लोटून घ्यायला उठले तर दादूकाकांनी हात वर केला.

"र्‍हाऊ दे गो."

डोळे मिटून ऐकत होते. ओळ झाली, थांबली. पुन्हा झाली, पुन्हा थांबली. बोटं मांडीवर चालत होती. मग डोळे उघडून एकदम म्हणाले, "मंडळी कुठं हाय? उत्तर कोण देणार?"

कुणाला काही कळेना.

"अरे, बाई आपली ओळ टाकते नि थांबते! मागली ओळ मंडळीची. मंडळीनं म्हटल्याबिगर ती पुढं जायची नाय. कधीच नाय गेली. एकदा नाताळात लोक पेंगायला लागले, तर ही आपली तीच ओळ टाकत र्‍हायली, पार सगळे जागे होईस्तवर!"

पाळकसाहेबांनी गिटार खाली ठेवली. "मग म्हणा ना काका, ती ओळ."

"मला कुठं येतात शब्द? माझं ध्यान सगळं थापेवर."

लोकांनी गायनाची पुस्तकं चाळली. पुस्तकात कसं असेल? हे भजन आईंच्या वडिलांनी रचलेलं. गुहागरकडे मास्तर होते, संध्याकाळी शाळेच्या ओटीवर भजन करायचे. छापलं कुणी कधीच नाही. माझ्या घरात एवढी माणसं बसलेली आणि एकालाही येत नव्हतं.

मला येत होतं. तिन्ही कडवी! इतकी वर्षं ओठ हलवले ते काय फुकट? एकेक अक्षर तोंडात आहे. म्हणजे आई विसरल्याच नव्हत्या. सकाळी उठून मंडळी गोळा करत होत्या आणि मी त्यांना 'पुरे' म्हणत होते. तोंड उघडलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडेच आहेत असं वाटलं – आणि नुसते ओठ हलले.

आई पुन्हा पहिल्या ओळीवर. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, चहा झाला, लोक गेले. मी एवढी भित्री आहे हे मला माहीत होतं, पण इतकी!

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी पुढचं दार लावून घेतलं. खिडक्याही. आईंना कुशीवर वळवून पाठ पुसत होते. त्यांचं तोंड भिंतीकडे, ते बरंच होतं. ओळ आली. थांबली. मी म्हटलं –

'तरी तुझ्या दारी उभी, नको लोटू दूर.'

फाटका आवाज. एक सूर आंब्यावर तर दुसरा फणसावर. आई गप्प. मला वाटलं, आता म्हणणार, नुसते ओठ हलव. पाठीवरचा माझा हात तसाच. आणि मग –

'आटलं माझं पाणी, देवा, आटली माझी वाणी –'

दुसरं कडवं! फडकं हातातून पडलं माझ्या.

'कातळातून काढ तूच तुझ्यापुरती गाणी,' मी.

'रात्र माझी लांब, देवा, वात माझी थोडी –'

'तेवढ्याच उजेडात लाव तुझी गोडी.'

आईंनी "आमेन" म्हटलं. अगदी चर्चमध्ये म्हणायच्या तसं, ठणकावून. डोळे मिटले आणि झोपल्या. भर दुपारी, घोरायला लागल्या.

मी तिथेच जमिनीवर बसले. खूप रडले, पण ते होळीच्या दिवसासारखं नव्हतं. काय झालं ते नीट सांगता येत नाही. बदललं काहीच नव्हतं. झोपून झोपून झालेली पाठीची जखम तेवढीच, बादलीत डायपर तेच, हे मस्कतलाच. पण मी मोठ्याने म्हटलं होतं – दमले, तरी उभी आहे. ते कुणीतरी ऐकल्यासारखं वाटलं. आईंनी नव्हे. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दीपालीला सांगायला हवं होतं, तुझं बरोबर निघालं म्हणून. पण तिचे ते रंगीत दिवे आठवले आणि नाही सांगितलं.

३१ मार्च, सोमवार

ईद. हमिदाभाभीने शिरखुर्मा आणला, आईंना चमच्याने थोडा भरवला. तिच्यासमोर आम्ही दोघींनी तिन्ही कडवी म्हणून दाखवली! भाभी डोळे पुसत म्हणाली, "बघ, मी बोलली नव्हती? काय तरी मागते ती." मग दारात जाऊन मागे वळली. "पण तुझा आवाज गो! अल्ला!"

हसून हसून पोट दुखलं. किती महिन्यांनी!

५ एप्रिल, शनिवार

वाईट दिवस. आईंनी मला चोर म्हटलं. हाताला चावल्या. ओळ टाकली, मी उत्तर दिलं, तर "तू कोण मेली, चिमाला बोलाव" म्हणून किंचाळल्या. लाईट गेलेली, अंगाची लाही. पाठीच्या जखमेला वास येतोय. ड्रेसिंग करायला येणारी नर्स आली नाही.

गाणं गाऊन जखम भरत नाही. पनवेलच्या घरी नर्स रोज असते. ईस्टरपर्यंत काढायचं.

९ एप्रिल, बुधवार

तिथे उत्तर कोण देणार? दीपालीला फोनवर विचारलंच शेवटी. सगळं सांगितलं, भजनाचं. लहानपणी ऐकलं होतं म्हणाली, एक अक्षर आठवत नाही. मग म्हणाली, "रेकॉर्ड करून द्या ना वहिनी. तिथल्या बायका मोबाईलवर लावतील."

चांगली युक्ती. दुपारी रेकॉर्ड केलं. स्वतःचा आवाज ऐकला आणि वाटलं, आई बरोबरच बोलल्या होत्या! तरी लावून बघितलं. जमेना. आई कधी ओळ लांबवतात, कधी मध्येच श्वास घेतात. मोबाईलला काय कळतंय? त्यांचं संपायच्या आत तो उत्तर देऊन मोकळा. आई चिडल्या, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तो मध्येच बोलला. शेवटी मोबाईल ढकलून दिला त्यांनी.

बायका शिकतील. तिथे दुसर्‍याही म्हातार्‍या असतील. मी त्यांना शिकवून येईन. एक दिवस राहीन तिथे.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. चर्चला गेले. आज म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. गायले. मोठ्याने नाही, पण आवाज काढून. पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून बघितलं. मी थांबले नाही. दुसर्‍या कडव्यापर्यंत लाज गेली, तिसर्‍यापर्यंत मी कुठे आहे तेही विसरले. झावळी हातात गोल गोल वळत होते, तिचे पार तुकडे केले मी. शेवटी खाली बसले तेव्हा अंग हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर होतं तसं.

बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "ताई, आज तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला."

"बिघडला ना?"

"बिघडला." हसले. "पण मंडळी आज मोठी वाटली."

मुलगा चांगला आहे. टाळ्या तेवढ्या कमी वाजवायला हव्यात.

१६ एप्रिल, बुधवार

आईंना ताप. डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शन दिलं. सकाळपासून ओळ नाही. मी वाट बघतेय.

१८ एप्रिल, शुक्रवार

उत्तम शुक्रवार. दुपारची उपासना चुकली. ताप उतरलाय, डोळे उघडे आहेत, पण आई बोलत नाहीत. ओळ नाही, चिमा नाही, चोर नाही. पेज तोंडात घातली की गिळतात. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच असणार, पायरी उतरलेलं माणूस पुन्हा चढत नाही.

घर शांत आहे. हेच मागत होते ना मी? पडवीत कपडे वाळत घालताना कान आतच लागलेले. मी दोन-तीनदा उत्तराची ओळ म्हटली. पण आधीची ओळच नाही तर उत्तर कशाला देतेय मी? अधांतरी वाटलं. सगळं पुन्हा छातीवर येऊन बसलंय. पहिल्यासारखं.

१९ एप्रिल, शनिवार

आईंची पिशवी भरली. गाऊन, शाल, टाल्कम पावडर, हवेच्या गादीचा पंप, चष्मा – चष्मा कशाला? तरी ठेवला. बायकांना शिकवायला जायचंही आता कारण उरलं नाही. काजूच्या कंपनीतून निरोप आलाय, मे महिन्यापासून या म्हणून.

आनंद व्हायला हवा होता.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. पहाटे मंडळी प्रभातफेरीने आली, फाटकाशी गायली. मी आईंची कॉट खिडकीशी ओढली. काही नाही. डोळे छताकडे.

दीपाली दहाच्या सुमाराला पोचली. आल्या आल्या आईंच्या गळ्यात पडली. मग छोटा स्पीकर काढला, तिच्या चर्चची गाणी लावली, हात वर करून गायली, आईंचे हातही धरून वर केले. हात सोडले तर ते खाली पडले. तिने स्पीकर बंद केला आणि ओट्याशी येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "वहिनी, माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो ती."

मला तिचा इतके दिवस राग येत होता. आज नाही आला. तिला मटण वाढलं. दोघींनाही जेवण गेलं नाही.

"बरोबर करतोय ना आपण?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "मी थकलेय गो."

गाडी उद्या सकाळी.

२१ एप्रिल, सोमवार

गाडी दारात आली होती. मी आईंची वेणी घालत होते, शेवटची. काय करावं कळत नव्हतं, म्हणून ओळ मी टाकली. पहिल्यांदाच मी. 'दमले माझे पाय, देवा, दमला माझा सूर –' आणि थांबले, त्या थांबायच्या तशी.

काही नाही. पुन्हा टाकली. पुन्हा थांबले.

आईंनी चाचपत माझं मनगट धरलं. घोगरा, तुटका आवाज, पण सूर अगदी जागच्या जागी – 'तरी तुझ्या दारी उभी, नको लोटू दूर.'

दीपाली पिशवी घेऊन उंबर्‍यात उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली.

गाडी रिकामी गेली.